तुम्ही माझा चेहरा पाहिलात, हात टेबलाखाली होते

किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं यांच्यासाठी ऑनलाइन, न्यूरोडायव्हर्सिटी-स्नेही, म्हणजे मेंदूंच्या वेगळेपणाला दोष न मानणारं, मूल्यमापन आणि थेरपी देणाऱ्या सर्व मानसशास्त्रज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

माझं पहिलं ऑनलाइन मूल्यमापन पन्नास मिनिटांचं होतं. त्या पन्नास मिनिटांत माझ्या हातात बाटलीचं झाकण होतं, टेबलाखाली. अंगठ्याच्या नखाने मी त्याच्या कडेचे दाते मोजत होते, संपले की पुन्हा पहिल्यापासून. कॉल संपला तेव्हा नखाजवळची कातडी सोलली गेली होती. पडद्यावर माझा फक्त खांद्यापासून वरचा भाग दिसत होता. कॅमेऱ्याशेजारच्या हिरव्या ठिपक्याकडे बघून बोलायचं, दर दोन-तीन वाक्यांनी मान डोलवायची, समोरच्याचं बोलणं संपलं की एक श्वास थांबून मगच उत्तर द्यायचं, हे सगळं मी ऑफिसच्या मीटिंगांसाठी आरशासमोर घोटून घोटून बसवलेलं होतं. दहा दिवसांनी अहवाल आला. नजरेला नजर देऊन बोलतात, हावभाव प्रसंगाला साजेसे, संवादात सहजता. निष्कर्ष: ऑटिझम नाही, चिंतेवर काम करावं.

त्या कॉलनंतर मी दिवे घालवून जमिनीवर आडवी झाले, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी एक शब्द बोलू शकले नाही. हे अहवालात नाही, कारण ते कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे ‘उसनं अवसान’ म्हणतात ते हेच. अंगात नसलेलं बळ आणायचं, चारचौघांत निभावून न्यायचं आणि दार लावल्यावर व्याजासकट फेडायचं. तुम्ही त्याला मास्किंग म्हणता. ते मोजायला कॅट-क्यू नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली २०१९ पासून आहे. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेत तर २०१३ सालीच ऑटिझमच्या निकषांत लिहिलं गेलं, की पुढच्या वयात शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे लक्षणं झाकली जाऊ शकतात. हे निकष तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले पाठ असणार. तरीही समोरची बाई नीट बोलतेय, वेळेवर हसतेय, एवढ्यावर निकाल लागतो. माझी विनंती एकच आहे, पुढचं सगळं पत्र तिचाच विस्तार. माणसाला काय जमतं एवढंच पाहू नका. ते जमवायला त्याला काय मोजावं लागतं, तेही विचारा.

हे सगळं सुरू झालं माझ्या लेकीपासून. ती चौदा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत तासभर बसायची. शाळेत मात्र ‘शांत, गुणी मुलगी’. तिच्या मूल्यमापनासाठी पालकांनी भरायची लांबलचक प्रश्नावली आली. कपड्यांचा स्पर्श, आवाज, उजेड असे प्रश्न होते. मी भराभर खुणा करत गेले आणि एका ठिकाणी हात थांबला. कपड्यांच्या मानेमागचं लेबल टोचतं, असं मी तिच्याबद्दल लिहिलं होतं. तिला लेबलांचं काहीच वाटत नाही. लेबलं माझी कापली जायची, लहानपणी, आईच्या छोट्या कात्रीने, प्रत्येक नवीन फ्रॉक घालण्याआधी. मी पानं मागे उलटून पाहिली. निम्मी उत्तरं माझी होती.

मी ती प्रश्नावली पुन्हा कोरी मागून घेतली आणि लेकीला शेजारी बसवून भरली. मग स्वतःसाठी तारीख घेतली. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

चाळिशीत कुणी निदान मागायला आलं की ‘हल्ली सगळ्यांनाच काहीतरी असतं’ असा सूर लागतो, तुमच्यातल्याही काहींचा. म्हणून थोडं मागे जाते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यांत ८ मुलगे होते. पुढे कित्येक वर्षं ऑटिझम म्हटलं की मुलगाच डोळ्यांसमोर यायचा. एका मुलीमागे चार मुलगे हे प्रमाण सर्रास सांगितलं जायचं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ते तीनास एकच्या जवळ आलं, आणि मुली निदानातून निसटतात हेही त्याच वेळी मांडलं गेलं. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि चंचलता यांची, लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसलीच पाहिजेत ही अट २०१३ पर्यंत होती, मग ती बारा वर्षं झाली. त्याच वर्षापर्यंत डीएसएमनुसार एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती. आज चाळीस-पन्नाशीत असलेली आम्ही माणसं शाळेत होतो तेव्हा निकषांमध्ये आमच्यासाठी जागाच नव्हती. आम्हाला इतर नावं मिळाली. वेंधळी, धांदरट, शिष्ट, घुमी, एककल्ली. ही नावं आम्ही तीस-तीस वर्षं अंगावर वागवली आहेत. निदान हे आमच्यासाठी नवं लेबल नाही, ही जुनी लेबलं कापायची कात्री आहे.

आता ऑनलाइनबद्दल. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. ज्याला प्रतीक्षागृहातल्या ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते, जो प्रवासातच अर्धा संपून जातो, त्याच्यासाठी स्वतःची खोली, स्वतःची खुर्ची, स्वतःचा उजेड ही फार मोठी गोष्ट आहे. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. न्यूरोडायव्हर्सिटी ही कल्पना १९९०च्या दशकात ऑटिस्टिक माणसांच्या आपसातल्या ई-मेल चर्चांतून वाढली. ऑस्ट्रेलियातल्या जूडी सिंगर यांनी १९९८ साली आपल्या प्रबंधात तो शब्द वापरला, पण त्यामागे कित्येक जणांचं लिहिणं होतं. ही माणसं एकमेकांना टाइप करून भेटत होती. चेहरा नाही, नजर नाही, घाई नाही. हवा तेवढा वेळ घेऊन उत्तर द्यायचं. ज्या विचाराचं नाव तुम्ही आपल्या कामाला लावता, तो असा लिहून जन्माला आला आहे. मग कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे, उत्तर तोंडीच दिलं पाहिजे, हा आग्रह त्या नावाखाली कसा बसतो?

दुसऱ्यांदा मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी प्रश्न आठवडाभर आधी पाठवले. कॅमेरा चालू, बंद की नुसतं चॅट, हे विचारलं आणि मधेच बदललं तरी चालेल असं सांगितलं. एकाच बैठकीत सगळं उरकण्याऐवजी तीन बैठका घेतल्या. आई-वडील हयात नसतील किंवा त्यांना आठवत नसेल तर काय करायचं हेही आधीच सांगितलं होतं: जुनी प्रगतिपुस्तकं, भावंडं, लहानपणीची मैत्रीण, जे असेल ते. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे पण लक्ष नसते’ असा शेरा होता, पाचवीच्या, सहावीच्याही. तो शेरा त्यांनी पुरावा म्हणून वाचला. आणि पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न होता, “आज इथे येऊन बसण्यासाठी तुम्हाला सकाळपासून काय काय करावं लागलं?”

मी झाकण टेबलावर ठेवलं आणि त्यांना दाखवलं.

प्रश्नावल्यांबद्दल एक सांगते. ऑटिझमसाठीच्या आरएएडीएस-आर मध्ये ८० विधानं आहेत, एडीएचडीसाठीच्या एएसआरएस मध्ये १८ प्रश्न. ‘क्वचित’, ‘कधी कधी’, ‘बऱ्याचदा’ यांतलं एक निवडायचं असलं की माझी लेक अडते. बऱ्याचदा म्हणजे आठवड्यातून किती? सुट्टीत धरायचं का? आवाजाचा त्रास होत नाही असं लिहायचं का, कारण ती हेडफोन काढतच नाही? हे तिचे आडमुठे प्रश्न नाहीत, हीच तिची विचार करण्याची रीत आहे, आणि तुम्ही तीच तपासायला बसला आहात. आकड्यांची बेरीज करण्याआधी दहा मिनिटं तिच्यासोबत बसून ती प्रश्न कसा वाचते ते ऐका. पंधरा मिनिटांत प्रश्नावली आणि दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र, असं काम काही ठिकाणी चालतं. त्याला मूल्यमापन म्हणू नका.

याचीच दुसरी बाजूही मला तितक्याच कळकळीने सांगायची आहे. ‘स्नेही’ याचा अर्थ येईल त्याला ‘हो’ म्हणणं असा नाही. झोप पुरी होत नसेल, थायरॉइड बिघडला असेल, नैराश्य असेल, लहानपणी घरात मारझोड झाली असेल, तरी लक्ष लागत नाही, माणसं नकोशी होतात. कधी यातलं काही आणि ऑटिझम किंवा एडीएचडी असं दोन्ही असतं. हे उकलायला वेळ लागतो. एडीओएस-२ ही ऑटिझमची चाचणी एका खोलीत समोरासमोर बसून करण्यासाठी बांधलेली आहे, महामारीत तोंडावर मास्क लावून केली तरी तिचे गुण प्रमाणित धरता येत नव्हते. मग व्हिडिओवरून केल्यावर ते तसेच कसे धरायचे? पडद्यावरून काय होणार नाही ते पहिल्या भेटीआधी सांगा. जो माणूस फारसा बोलत नाही, ज्याला समोर बसूनच समजून घ्यावं लागेल, त्याला योग्य ठिकाणी पाठवा. तुमचा अहवाल शाळेत, परीक्षा मंडळाकडे, नोकरीत किंवा औषधासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे चालेल की नाही, हेही आधीच सांगा. आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर मग हा त्रास कशाचा आहे आणि आता कुठे जायचं, एवढं तरी त्या माणसाच्या हातात द्या.

किशोरवयीन मुलांबाबत जरा सविस्तर लिहिते, कारण इथे माझीच चूक सांगायची आहे. लेकीची थेरपी सुरू झाली तेव्हा मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहायचे. ती काय बोलते ते मला ऐकायचं होतं. काळजी होती, हे खरं. पण मी चोरून ऐकत होते, हेही खरंच. तिसऱ्या सत्रात तिच्या थेरपिस्टच्या लक्षात आलं, की प्रत्येक उत्तराआधी तिची नजर डावीकडे जाते. त्यांनी तिला मोठ्याने काही विचारलं नाही. चॅटमध्ये लिहिलं, ‘तू एकटी आहेस का? हो असेल तर १, नाही तर २, फक्त एवढंच टाइप कर.’ तिने २ टाइप केलं. सत्र संपल्यावर मला निरोप आला: पुढच्या वेळी त्या पाऊण तासात घराबाहेर चक्कर मारून याल का? ओरडा नाही, उपदेश नाही. मी गेले. त्या दिवशी ती पहिल्यांदा शाळेतल्या मुलींबद्दल बोलली, हे तिने मला दोन महिन्यांनी आपण होऊन सांगितलं.

घरून होणाऱ्या थेरपीत दार हा सगळ्यात नाजूक भाग असतो. तुमच्या खोलीचं दार तुम्ही लावता, मुलांच्या घरातलं दार तुमच्या हातात नसतं. पालकांना काय सांगितलं जाईल आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी मुलांसमोर ठरवा. हेडफोन, चॅट, एखादा ठरलेला खुणेचा शब्द, जे काही लागेल ते. अहवाल आधी त्या मुलाला किंवा मुलीला दाखवा, त्यांच्या वयाला समजेल अशा भाषेत. माझ्या लेकीने तिच्या अहवालातला एक शब्द बदलून घेतला. ‘अलिप्त’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “मी अलिप्त नसते, मी बघत असते.” त्यांनी तो बदलला. इतकं सोपं असतं ते.

शब्दांवरून आठवलं. मराठीत ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. स्वतःत बुडालेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला, असा आरोप त्या शब्दातच बसला आहे. ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली ‘दुहेरी सहानुभूती’ची अडचण मांडली: समजण्यात चूक होते ती दोन्हीकडून. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची होती. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळली. पुढे २०२५ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळ्यांतही तशी गळती दिसली नाही. दोन्ही वेळा ऑटिस्टिक माणसं गोष्ट पोचवण्यात कमी पडली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. अहवालात ‘सामाजिक संवादातील कमतरता’ असं लिहिताना, ती नेमकी कुणाशी बोलताना, कुठल्या खोलीत, किती गोंगाटात, एवढं तरी लिहा. आणि कमतरता काढून त्या जागी ‘सर्जनशील, प्रामाणिक, तपशीलप्रेमी’ अशी कौतुकाची माळ घातली म्हणजे काम झालं असंही नाही. कौतुकाने मला ऑफिसात काही मिळालं नाही. ‘सूचना लेखी द्याव्यात, कॅमेरा ऐच्छिक असावा, सलग दोन बैठका ठेवू नयेत’ ही तीन वाक्यं अहवालात आली आणि माझा आठवडा बदलला.

थेरपीत आमचा सगळ्यात जास्त छळ होतो तो एका प्रश्नाने: आत्ता तुम्हाला काय वाटतंय? साधारण निम्म्या ऑटिस्टिक माणसांना आपली भावना ओळखणं आणि तिला नाव देणं अवघड जातं. तुम्ही त्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणता. माझी लेक “माहीत नाही” म्हणायची. आधीच्या एका समुपदेशकाने त्यावर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिलं. तिला खरंच माहीत नव्हतं. आत्ताच्या थेरपिस्ट तिला विचारतात, खांदे कुठे आहेत, कानाजवळ की खाली? भूक लागली आहे का? आज कुठल्या जाडीचं अक्षर आहेस? हा शेवटचा प्रश्न तिच्यासाठीच आहे, कारण तिला अक्षरांच्या वळणांचं, फॉन्टचं वेड आहे. कधी ती ‘ठळक’ म्हणते, कधी ‘इतकी बारीक की छापलीच जाणार नाही’. तिथून बोलणं सुरू होतं. ‘एककल्ली’ म्हणून जी गोष्ट मोडून काढायला सांगितली गेली, त्याच वाटेने त्या आत शिरल्या.

एडीएचडीवाला माणूस सत्र विसरला तर तो टाळतोय असा अर्थ काढू नका. तो विसरला. एक आठवण आदल्या दिवशी पाठवा, एक दहा मिनिटं आधी. सत्रात ठरलेलं दोन ओळींत लिहून पाठवा. नजर मिळवायला शिकवू नका. आमच्यापैकी पुष्कळ जणांचं नजर मिळवली की ऐकणं बंद होतं. हात हलतात तर हलू द्या.

एक गोष्ट मात्र हात थरथरत लिहिते. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, मोठेपणी अ‍ॅस्पर्जर (आता ऑटिझममध्येच धरलं जाणारं) निदान झालेल्या ३७४ जणांपैकी ६६ टक्के लोकांच्या मनात आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. २०१८च्या अभ्यासात, स्वतःला लपवून वागणं आणि हवा तो आधार न मिळणं यांचा अशा विचारांशी संबंध दिसला. म्हणजे ज्या गोष्टीला तुम्ही ‘संवादात सहजता’ म्हणता ती धोक्याची खूण असू शकते. ऑनलाइन सत्रात तुमच्यासमोरचा माणूस आत्ता कुठल्या पत्त्यावर आहे, जवळ कोण आहे, कॉल तुटला तर कुणाला कळवायचं, हे प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला विचारायची सवय ठेवा. हसतमुख माणसालाही विचारा. आमचा चेहरा शांत असतो म्हणून आतही शांतता आहे असं धरून चालू नका.

आणि अहवाल पाठवून मोकळे होऊ नका. माझा दुसरा अहवाल रात्री अकराच्या सुमारास ई-मेलने आला. निदान: ऑटिझम, एडीएचडी. मी तो एकटीने तीनदा वाचला. आधी हायसं वाटलं, मग संताप आला, मग आई आठवली, तिची ती कात्री आठवली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला माझं लेबल टोचणं कळलं होतं. पहाटेपर्यंत रडले. पुढची बैठक आधीच ठरलेली होती म्हणून निभावलं. ती बैठक शुल्कातच धरा, ऐच्छिक ठेवू नका, कारण त्या आठवड्यात आमच्यात मदत मागण्याइतकंही बळ नसतं.

माझी लेक आता सतरा वर्षांची आहे. तिने हे पत्र वाचलं आणि तिच्याबद्दलच्या दोन ओळी खोडायला लावल्या. त्या खोडल्या आहेत.

तुमच्यापैकी कुणाला उत्तर द्यायचं असेल तर लेखी द्या आणि सावकाश द्या. मला वाचायला आणि विचार करायला वेळ लागतो, तसा तुम्हालाही घ्या.

आपली,
एक आई, आणि उशिरा निदान झालेली एक बाई